चाकांवरचा संसार आणि मुलांची शाळा



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून गावोगावी अशा मालांतून मोठमोठी विद्वान माणसे बोलत आली आहेत. माझे शाळेतले शिक्षण चौथीच्या अलीकडेच आटोपले. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा संपून माणसे घरी गेल्यावर. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य सापडणार नाही. ते आपण सांभाळून घ्यावे.

चालकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, ऊसतोडीच्या मजुरीवर बोलतो. ते हसून म्हणाले, "ते तर आपण बाराही महिने बोलता. यंदा लोकांना काही नवे सांगा." मी थोडा विचार केला आणि म्हणालो, "मग मोटारीतच संसार थाटून, लहान मुलांना घेऊन वर्षभर प्रवास करणाऱ्या कुटुंबांविषयी बोलतो." त्यांना फार आनंद झाला. विषय ताजा आहे, मंडळी येतील, असे ते म्हणाले. मंडळी आलेली आहेत. आता कबूल करून टाकतो की, मी चालकांना थोडेसे फसविले आहे. पण थोडेसेच. विषय मी सोडणार नाही.

हा विषय मला कसा सुचला ते सांगतो. आमच्या कचेरीत येणाऱ्या एका तरुणाने त्याच्या मोबाईलवर मला एक चित्रफीत दाखविली. अमेरिकेतले एक जोडपे आणि त्यांची दोन लहान मुले. घर विकून त्यांनी एक मोठी मोटार घेतली. मोटार कसली, घरच ते. आत निजण्याचे फळकुट, त्यावर गादी. शेगडी, लहानशी मोरी, पाण्याची टाकी, सांडपाण्याची वेगळी टाकी. छपरावर सूर्याच्या उन्हावर वीज करणाऱ्या पट्ट्या. नवरा प्रवासातच संगणकावर नोकरी करतो. आई सकाळी दोन तास मुलांना जेवणाच्या मेजावर शिकविते आणि मग सारी मंडळी डोंगर, नदी, समुद्र पाहावयास निघतात. मुलीला आपण कोणत्या नदीकाठी उभे आहोत, ही नदी कोठून येते, हे सारे तोंडपाठ. अमेरिकेत घरीच मुलाला शिकविण्यास सर्व राज्यांत कायद्याने मुभा आहे, म्हणून हे जमते. अशी कुटुंबे तेथे पुष्कळ आहेत आणि आपल्या देशातही आता काही हौशी कुटुंबे हा प्रयोग करू लागली आहेत.

तो तरुण माझ्याकडे पाहत होता. त्याला वाटले असावे की, मी आता श्रीमंतांचे चोचले म्हणून त्यावर टीका करणार. मी तसे काही केले नाही. मला ते कुटुंब आवडले. आईबाप दिवसभर मुलांच्या डोळ्यांसमोर आहेत, मुले आईबापांच्या डोळ्यांसमोर आहेत. याहून मुलाला आणखी काय पाहिजे? मी त्याला इतकेच म्हणालो, "बाबा रे, हे कुटुंब मी पाहिलेले आहे. दर दसऱ्यानंतर ते आपल्या पुसद नाक्यावरून जाते."

तो गोंधळला. आपणही थोडे गोंधळला असाल. म्हणून आता पुसद नाक्यावरचे ते कुटुंब आपल्याला दाखवितो. पण त्याआधी जरा मागे जावे लागेल.

आपला वाशीम जिल्हा 1998 साली झाला, पण या मातीला फिरत्या संसाराची ओळख फार जुनी आहे. मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांचे हे ठिकाण, रामनवमीला तेथे देशभरातून गोर बंजारा समाज जमतो. मी त्याच समाजातला, त्याच तालुक्यातल्या एका तांड्यावर जन्मलेला. आज तांडा म्हणजे गावाबाहेरची एक वस्ती, असा अर्थ आपण करतो. मूळ अर्थ तसा नाही. तांडा म्हणजे चालणारे गाव. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून आमचे वाडवडील या देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज 1632 साली आग्र्याहून पाटण्याकडे निघाला होता. त्याला वाटेत एक तांडा भेटला. त्यात 14,000 बैल होते, असे त्याने लिहून ठेवले आहे, आणि ही माणसे बायकामुलांसह आपले सारे घरदार बरोबर घेऊन चालतात, हेही त्याने नोंदले आहे. म्हणजे बायकामुलांसह बारमाही प्रवास ही गोष्ट आम्हाला अमेरिकेने शिकविलेली नाही. फरक इतकाच की आमच्या घराला चाके नव्हती, बैलाची पाठ होती.

त्या तांड्यात मूल कसे वाढत असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तांड्याला नायक असे, कारभारी असे. म्हातारी माणसे बरोबर असत. मूल आजीच्या मांडीवर असे, त्याच्या भाषेत बोलणारी शंभर माणसे त्याच्या भोवती असत. बैल आपले, माल आपला, मुक्काम नायकाने ठरविलेला. तेथे पाटी-पेन्सिल नव्हती हे खरे, पण त्या काळी गावातल्या बहुतेक मुलांनाही ती नव्हती. मुलाला जे आयुष्य जगावयाचे त्याचे शिक्षण त्याला वाटेवरच मिळत होते. मी जुन्या काळाचे गोडवे गात नाही. पाऊस, साथी, वाटेतली भांडणे हे सारे असणारच. पण चालावे केव्हा आणि थांबावे कोठे हे त्या लोकांच्या हाती होते, एवढे ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडेल.

मग आगगाडी आली. जो माल न्यावयास हजारो बैल लागत तो डब्यांतून जाऊ लागला, आणि तांड्याचा धंदा बसला. धंदा बसला तरी माणसे फिरतच राहिली, कारण त्यांना जमीन नव्हती. अशा फिरत्या माणसांकडे सरकार कोणत्या नजरेने पाहू लागले? 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अनेक फिरत्या जमाती त्यात गोवल्या गेल्या आणि काही प्रांतांत लमाणांवरही तो शिक्का बसला. जो घर घेऊन फिरतो तो चोर असला पाहिजे, असे त्या कायद्याचे म्हणणे होते. स्वातंत्र्य मिळाल्यावर 1952 साली तो शिक्का कायद्याने पुसला. माणसांच्या मनातून तो किती पुसला, हे आपण आपल्या मनाला विचारावे. मोबाईलमधले कुटुंब गाडी घेऊन गावात आले तर आपण त्यांच्याबरोबर छायाचित्र काढून घेऊ. पालावरचे कुटुंब आले तर अंगणातली बादली आत नेऊन ठेवू.

आता माझ्या लहानपणावर येतो. माझा जन्म 1972 चा. तो दुष्काळ इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आमच्या तांड्यावरचे शेत म्हणजे मुरमाड उतार. त्या सालानंतर माझे वडील आणि याडी, म्हणजे माझी आई, पश्चिमेकडे ऊसतोडीला जाऊ लागले. प्रवरानगरला 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखाना निघाला, त्यामागून महाराष्ट्रात पुष्कळ कारखाने निघाले आणि त्या कारखान्यांना ऊस तोडणारे हात दुष्काळी मुलखातून मिळू लागले. बीड जिल्हा त्यात सर्वांत पुढे. आपल्या भागातल्या तांड्यांवरूनही माणसे जाऊ लागली.

मी तान्हा होतो तेव्हापासून गेलो. मला चालता येऊ लागले ते उसाच्या सरीत. थोडा मोठा झाल्यावर वडिलांनी तांड्याच्या शाळेत माझे नाव घातले. जूनमध्ये शाळा भरे. गुरुजी भले होते, पण ते मराठीत बोलत आणि आम्ही घरी गोरबोलीत. त्यांचे बोलणे कळू लागेपर्यंत दिवाळी जवळ येई आणि आम्ही ट्रकमध्ये चढत असू. पाडव्याच्या सुमारास परत येऊन बघावे तर पटावरून नाव कमी झालेले. पुन्हा जूनमध्ये पहिली. अशी मी पहिली तीनदा केली.

मग वाचावयास कोठे शिकलो? कारखान्याच्या वजनकाट्यावर. गाडी काट्यावर गेली की पावती मिळे. वडिलांना ती वाचता येत नसे. त्यांनी ती माझ्या हातात द्यावी आणि विचारावे, "किती भरली?" चुकलो तर त्या आठवड्याचा हिशेब चुकणार, म्हणून मी आकडे घोकून पाठ केले. आधी आकडे आले, मग पावतीवरचे शब्द आले, मग भजी बांधून आलेल्या वर्तमानपत्राचे कागद वाचता येऊ लागले. माझी विद्यापीठाची पदवी म्हणजे ती पावती.

लोक टाळ्या वाजवितात या गोष्टीला. मला मात्र आता ही गोष्ट सांगताना बरे वाटत नाही. कारण आमच्या टोळीत माझ्या वयाची आणखी पुष्कळ मुले होती, आणि त्यांच्यापैकी फारच थोडी अक्षरांपर्यंत पोहोचली. माझी थोरली बहीण तर पावतीच्या जवळही गेली नाही. तिच्या कडेवर मी होतो. एकाला वाचता आले म्हणून तो रस्ता चांगला ठरत नाही.

आता पुसद नाक्यावरचे ते कुटुंब पाहू. आपल्यापैकी ज्यांनी हे काम जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत एका जोडप्याला एक कोयता म्हणतात. माणूस नव्हे, कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. हंगामाच्या आधी, पावसाळ्यात हातात पैसा नसतो तेव्हा, मुकादम येऊन रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. लग्न, आजारपण, बियाणे, जुने देणे यांत ती जाते. ती फेडण्यासाठी दसरा-दिवाळीनंतर निघावयाचे. ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पिठाची पोती, भांडी, अंथरुणे, कोंबड्या, शेळी आणि सर्वांच्या वर मुले. ज्यांची बैलजोडी असते ते बैलही घेऊन जातात. कारखान्याच्या परिसरात रानात कोपी उभारावयाची. बांबू, पाचट आणि वर एक ताडपत्री; वाकून आत शिरावे लागते. चार-पाच महिने हेच घर. एका फडातला ऊस संपला की टोळी पुढच्या फडाला जाते, कोपीही उठते.

पहाटे, अंधारातच, जोडपे फडात जाते. पुरुष तोडतो, बाई पाला साळून मोळ्या बांधते. मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढावयाचे. तान्हे मूल झाडाला किंवा गाडीला बांधलेल्या झोळीत. चालते मूल उसाच्या ओळीत. थोरली मुलगी आठ वर्षांची असली की झोळी हालविणे तिचे काम. दहाची झाली की भाकरी आणि पाणी तिचे काम. बाराव्या वर्षी वाढे बांधू लागते, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचे लग्न लावून दोघांचा नवा कोयता होतो. ट्रक केव्हा येईल याचा नेम नाही. तो मध्यरात्री आला तर मध्यरात्री भरावा लागतो. एक दिवस आजारी पडले तर खाडा धरतात. हंगाम संपल्यावर हिशेब होतो आणि उचल पूर्ण फिटली नसेल तर बाकी अंगावर फिरते. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा निघावयाचे हे आजच ठरले.

बंधुभगिनींनो, मोबाईलमधले कुटुंब आणि हे कुटुंब एकमेकांशेजारी ठेवून पाहा. दोन्ही घरे फिरती आहेत. दोन्हीकडे चार माणसे एका खोलीएवढ्या जागेत निजतात. दोन्हीकडे पाणी जपून वापरावे लागते. दोन्ही आयांना मुले जवळ हवी आहेत. फरक कोठे आहे? आपण म्हणाल, पैशात. पैशात आहेच. पण त्याच्याही मुळाशी एक फरक आहे. त्या कुटुंबाने उद्या ठरविले की, मुलाची शाळा महत्त्वाची आहे, आपण आता थांबू, तर ते थांबू शकते. या कुटुंबाला थांबता येत नाही. मघाशी तांड्याविषयी मी म्हणालो ते हेच. चालणे वाईट नाही. थांबण्याचा हक्क हातात नसणे वाईट.

हे मला फार उशिरा कळले. त्याआधी मी एक मोठी चूक केली, ती आपल्याला सांगितली पाहिजे. युनियनच्या कामाला लागल्यावर मी तांड्यातांड्यांवर सभा घेऊन एकच सांगत असे: "तुम्ही जा, पण मुलांना नेऊ नका. मुले गावात ठेवा, शाळेत राहू द्या." मोठ्या आवेशाने सांगत असे. एकदा एक बाई सभेत उठून उभी राहिली. कडेवर मूल होते. म्हणाली, "भाऊ, तुमचं लेकरू रातच्याला कोणापाशी झोपते?" मी म्हणालो, "त्याच्या आईजवळ." ती म्हणाली, "मग माह्यं कोणापाशी झोपीन?" आणि खाली बसली. सभा थोडी हसली. मलाही हसू आले आणि मी भाषण पुढे चालविले.

त्याच वर्षी माझे ऐकून एका घराने आपली दहा वर्षांची मुलगी आजीजवळ ठेवली. आजीला दिसत कमी होते. मार्चअखेर मी त्या तांड्यावर गेलो. मला वाटले, मुलगी आता चौथीचे पुस्तक घडाघडा वाचून दाखवील. मुलगी चुलीपुढे होती. आजीचे करणे, पाणी आणणे, दोन शेळ्या, यांत शाळा दिवाळीनंतरच सुटली होती. त्यात रात्री एकटीला भीती वाटे म्हणून शेजारच्या घरी निजावयास जाई, ते आजीला आवडत नसे. आईबाप परत आले आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती तिचे लग्न ठरविण्याची. पुढल्या वर्षी पुन्हा एकटी कशी ठेवावयाची, ही त्यांची काळजी. तिच्या बापाने मला एक शब्दही बोलून दाखविला नाही. चहा दिला. तो चहा मला अजून आठवतो.

तेव्हापासून मी "मुले मागे ठेवा" असे नुसते सांगत नाही. ज्या आईला पोटासाठी घर सोडावे लागते तिला वर पोरही सोडावयास सांगणे म्हणजे दुहेरी दंड आहे. मूल मागे राहावयाचे असेल तर त्याला राहण्यासारखी जागा पाहिजे, आणि बरोबर जावयाचे असेल तर शाळा त्याच्या बरोबर गेली पाहिजे. तिसरा मार्ग नाही.

हे काही अशक्य आहे काय? आपल्याला दोन गोष्टी सांगतो. दोन्ही अमेरिकेच्याच आहेत, कारण विषय तेथून सुरू झाला.

पहिली गोष्ट साखरेचीच आहे. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांच्या सीमेवर रेड नदीचे खोरे आहे. तेथे बीटपासून साखर करतात. दर ऑक्टोबरात काही आठवडे बीट काढण्याचा हंगाम असतो, आणि त्या कामाला मोटारघरात राहणारी पुष्कळ फिरती माणसे जातात. बारा-बारा तासांची पाळी, थंडी, चिखल. काम सुखाचे नाही, आणि त्या माणसांतही घर गमावलेली, म्हातारपणी पोटासाठी फिरणारी माणसे आहेतच. पण तेथे कामावर घेताना मोटारघर उभे करावयास जागा, पाणी आणि वीज दिली जाते. ती मेहेरबानी समजत नाहीत. ती कामाच्या बोलीतच येते. साखर तीच, गोडी तीच. मग आमच्या कोपीपाशी एक नळ आणि एक दिवा का येऊ नये?

कोणी म्हणेल, आपल्या सरकारला हे सुचत नाही. तसेही नाही. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण केले. मोटारघर घेऊन हिंडणाऱ्या प्रवाशांसाठी गाडी उभी करण्याच्या जागा असाव्यात, तेथे रस्ता, पाणी, वीज असावी, असा विचार त्यात आहे. धोरण चांगले आहे. त्यावरून इतके सिद्ध होते की, चाकावरच्या घराला काय काय लागते हे शासनाला पक्के ठाऊक आहे. ते फक्त सहलीला निघालेल्या घराला लागते आणि कामाला निघालेल्या घराला लागत नाही, असे कोणीतरी ठरविले आहे. ते आपण बदलावयाचे आहे.

दुसरी गोष्ट शाळेची. 1930 नंतर अमेरिकेत ओक्लाहोमा, टेक्सास या भागांत अवर्षण पडले आणि धुळीची वादळे उठली. शेते उडून गेली. हजारो कुटुंबे मोडक्या मोटारींवर गाद्या, भांडी आणि मुले लादून पश्चिमेला कॅलिफोर्नियात फळे आणि कापूस वेचावयास निघाली. म्हणजे आज ज्या देशातून हौशीच्या मोटारघराची चित्रे येतात, त्याच देशाच्या रस्त्यांवर तेव्हा आमचीच टोळी चालली होती. आर्विन नावाच्या गावाजवळ सरकारने त्यांच्यासाठी छावणी उभारली. पण गावच्या शाळांना ही फाटक्या कपड्यांची मुले नको होती. वर्गातली मुले त्यांना चिडवीत. त्या कौंटीच्या शाळांचे प्रमुख होते लिओ हार्ट. त्यांनी वाद घालण्यात वेळ दवडला नाही. 1940 साली छावणीला लागून असलेल्या जमिनीवर त्यांनी वेगळी शाळा काढली. इमारत नव्हती, ती शिक्षकांनी आणि मुलांनी मिळून बांधली. भाजीपाला पिकविला, जनावरे पाळली. एक जुने विमान आणून त्याचा वर्ग केला. पुढे त्या शाळेचा लौकिक इतका झाला की, जे गावकरी या मुलांना हाकलीत होते तेच आपली मुले तेथे घालावयास येऊ लागले. हे त्यांनी कोणत्या दिवसांत केले? मंदीच्या, हलाखीच्या दिवसांत.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे मी म्हणणार नाही. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, काही संस्थांनी त्या मनापासून चालविल्या. हंगामी वसतिगृहे निघाली. 2021 साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे काढण्याचे शासनाने ठरविले. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे 2009 चा शिक्षणहक्काचा कायदा, जो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. तो आपण वाचावा. मी कायद्याचा पदवीधर नाही, पण हा कायदा मी पावतीसारखा वाचला आहे. त्याचे चौथे कलम म्हणते, शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवा आणि मागे पडलेला भाग खास शिकवून भरून काढा. म्हणजे माझ्यासारखी तीनदा पहिली आता कोणाला करावी लागू नये. पाचवे कलम म्हणते, मूल दुसऱ्या शाळेत जात असेल तर मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यावा, आणि दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेने मुलाला नाकारू नये. नववे कलम तर स्वच्छ सांगते की, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत दाखल करून घेणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे. या कायद्यात थांबलेल्या मुलाचाही हक्क आहे आणि चालत्या मुलाचाही.

मग अडते कोठे? अडते ते शाळा आणि कोपी यांच्यामधल्या दोन-तीन मैलांत. शाळा गावात असते, कोपी रानात असते. मधला रस्ता उसाने भरलेल्या वाहनांचा. सात वर्षांच्या पोराला त्या रस्त्याने कोण पोहोचविणार? आईबाप फडात. टोळी सीमेपलीकडे कर्नाटकात गेली तर तेथली शाळा कानडी. तान्ह्या मुलांसाठी अंगणवाडीची योजना 1975 पासून आहे, पण झोळी फडात आहे आणि अंगणवाडी गावात. कायद्याने दार उघडले, दारापर्यंत नेणारे माणूस ठेवले नाही.

आणि आता दोष देताना माझ्या स्वतःच्या घरालाही देतो. आम्ही युनियनवाले मागणीपत्र लिहितो. पहिले कलम दराचे. दुसरे मुकादमाच्या कमिशनचे. मग विमा, मग बैल. मुलांची शाळा नेहमी शेवटच्या कलमात. ज्यांनी वाटाघाटी केल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की, रात्री उशिरा तडजोड करताना पहिल्यांदा सोडले जाते ते शेवटचे कलम. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. आम्ही गुलाल उधळला, आणि उधळावयासही पाहिजे होता. पण त्या रात्री मला त्या बाईचा प्रश्न आठवला. आम्ही टनांचा हिशेब बरोबर केला होता. झोळ्या किती आहेत हे आम्ही मोजले नव्हते. यापुढे ज्या मागणीपत्रावर माझी सही असेल त्यात ते कलम वर असेल, हे या व्यासपीठावरून सांगतो. आपण साक्षी राहा.

आपल्याकडून, म्हणजे वाशीमकरांकडून, मला तीन गोष्टी हव्या आहेत. वर्गणी नको.

पहिली गोष्ट मोजदादीची. टोळ्या निघतात त्या आठवड्यात प्रत्येक तांड्यावर, प्रत्येक गावात, शाळेच्या व्यवस्थापन समितीने बसून यादी करावी. कोणते मूल जाणार, कोणते राहणार, कोणत्या कारखान्यावर जाणार. जाणाऱ्या मुलाचे नाव पटावरून कमी करावयाचे नाही. त्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावयाचे आणि त्या कारखान्याच्या गावच्या शाळेला दूरध्वनी करावयाचा. मुकादमाला कोयते किती हे तोंडपाठ असते. आपल्याला मुले किती हे तोंडपाठ असावे.

दुसरी गोष्ट वसतिगृहाची. हंगामी वसतिगृह कागदावर नको, दिवाळीच्या आत उघडलेले हवे. ते सुरू होण्याआधीच टोळी निघून गेली तर उपयोग काय? आणि मुलींसाठी रात्री एक जाणती बाई तेथे मुक्कामाला असली पाहिजे. त्या दहा वर्षांच्या मुलीला पुस्तक मिळाले होते. रात्री जवळ माणूस मिळाले नव्हते.

तिसरी गोष्ट कामाची. जे थांबू इच्छितात त्यांना थांबता येईल असे काम गावात मिळाले पाहिजे. याच दुष्काळी महाराष्ट्राने देशाला रोजगार हमीची वाट दाखविली. त्या वेळी मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, तांड्यावरचेच. तेव्हा हिवाळ्यात गावात काम निघावे म्हणून ग्रामसभेत हात वर करणारा माणूस मला हवा आहे. ज्या घरात पावसाळ्यात चार पैसे येतात त्या घराला उचल घ्यावी लागत नाही. उचल घेतली नाही की थांबता येते.

शेवटी इतकेच. ही व्याख्यानमाला वसंतात भरते. याच दिवसांत टोळ्या परत येतात. रामनवमीला पोहरादेवीला जावयाचे म्हणून पुष्कळ जण त्याच्या आत घरी पोहोचण्याची धडपड करतात. आज-उद्या पुसद नाक्यावर ट्रक उतरतील. पिठाची रिकामी पोती उतरतील, भांडी उतरतील, मुले उतरतील. त्यांनीही पाच महिने प्रवास केलेला आहे, नद्या ओलांडल्या आहेत, चार तालुके पाहिले आहेत. मोबाईलमधल्या त्या मुलीप्रमाणे त्यांनाही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांना कोणी विचारीत नाही इतकेच. आपण तेथून जाल तेव्हा क्षणभर थांबा. एखाद्या मुलाला विचारा, "कितवीत आहेस?" तो काय उत्तर देतो ते ऐका. ते उत्तर घेऊन उद्या शाळेत जा.